ओळखा पाहू! : खेळातून परकी भाषा

एका कोड्याने सुरुवात करू या. जपानी भाषेत १२ ला ‘जू-नी’ म्हणतात, २० ला ‘नी-जू’ म्हणतात आणि ३५ ला ‘सान-जू-गो’ म्हणतात. तर मग ५३ ला काय म्हणत असतील? जपानी येत नाही म्हणून पान उलटू नका. कागद-पेन्सिल घ्या आणि दोन मिनिटे विचार करा. उत्तरासाठी लागणारी सगळी माहिती वर दिलेली आहे.

आता आपण मिळून पाहू. १२ आणि २० या दोन्ही नावांत शब्द तेच आहेत, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या आहेत. १२ म्हणजे १० अधिक २ आणि २० म्हणजे २ गुणिले १०. तेव्हा एक शब्द १० चा आणि दुसरा २ चा असणार, हे उघड आहे. पण कोणता कशाचा? ‘जू’ म्हणजे १० असे धरले, तर नियम असा होतो : लहान संख्या दहाच्या नंतर आली की मिळवायची, आधी आली की गुणायची. ‘नी’ म्हणजे १० असे धरले, तर नेमका उलटा नियम मिळतो आणि तोही या दोन संख्यांना लागू पडतो! दोन्ही अंदाज टिकून राहतात. निकाल लागतो तो तिसऱ्या उदाहरणाने. ३५ मध्ये दहाचा शब्द असायलाच हवा. तेथे ‘नी’ नाही, ‘जू’ आहे. म्हणजे ‘जू’ हाच १०. मग ‘सान-जू-गो’ म्हणजे ३ गुणिले १० अधिक ५. आणि ५३? ‘गो-जू-सान’. बरोबर!

आता हाच नियम पुढे चालवला, तर १०० ला ‘जू-जू’ म्हणायला हवे. पण जपानी लोक १०० ला ‘ह्याकु’ म्हणतात. आपला नियम ९९ पर्यंत चालतो आणि तेथे थांबतो. शंभराला नवा शब्द लागतो, जसा तो आपल्यालाही लागतो. मराठीत बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न अशी दोनाची निरनिराळी रूपे पाठ करावी लागतात. जपानी मुलाला मात्र १ ते १० हे दहा शब्द आले की ९९ पर्यंत मजल मारता येते.

हीच विज्ञानाची रीत

तुम्ही आत्ता काय केलेत ते पाहा. थोडी निरीक्षणे घेतलीत. त्यांवरून दोन अंदाज बांधलेत. एका निरीक्षणाने त्यांतला एक बाद झाला. उरलेल्या अंदाजावरून भाकीत केलेत आणि ते कोठवर चालते तेही तपासलेत. भौतिकीच्या प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काही करत नाही. जपानी संख्यावाचनाचा नियम कोणी फळ्यावर लिहून दिला असता, तर तुम्ही तो वहीत उतरवला असता आणि कदाचित विसरलाही असता. तो शोधून काढल्यामुळे तुमचा झाला.

अशा कोड्यांची स्पर्धाही भरते. मॉस्कोमध्ये १९६५ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी भाषाशास्त्राचे पहिले ऑलिंपियाड झाले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड २००३ साली बल्गेरियात सुरू झाले आणि २०१६ साली ते आपल्या देशात, म्हैसूरला भरले. या स्पर्धेत सहसा स्पर्धकांनी कधी न ऐकलेल्या भाषांतली वाक्ये देतात. पाठांतराचा तेथे काही उपयोग नसतो. दिलेल्या उदाहरणांतून नियम काढायचा आणि नव्या वाक्याला लावायचा, एवढेच काम.

पण नियम कळला म्हणजे भाषा बोलता आली, असे होत नाही. सायकल कशी तोल सांभाळते हे पुस्तकात वाचून सायकल चालवता येते का? त्यासाठी सराव हवा. आणि खरी अडचण येथेच येते.

पस्तीस सेकंदांचा हिशेब

एका वर्गात ६० मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे, असे समजा. शिक्षकांनी एक शब्दही बोलायचा नाही आणि मुलांनी एकामागून एक बोलायचे, असे ठरवले तरी प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येईल? ३५ मिनिटे भागिले ६०, म्हणजे ३५ सेकंद! प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही. मग इंग्रजी असो, जर्मन असो की फ्रेंच असो, वर्षानुवर्षे शिकूनही आपले तोंड उघडत नाही, यात नवल ते काय?

आता मुलांच्या जोड्या करा. जोडीतला एक जण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. प्रत्येकाला बोलायला १७ मिनिटे मिळतात आणि ऐकायला १७. वर्ग तोच, घड्याळ तेच. वाट्याला येणारा वेळ मात्र ३० पट. पण जोडीने बोलायचे तरी काय? ‘तुझे नाव काय?’ हे शेजारच्या बाकावरच्या मित्राला विचारण्यात काही अर्थ नाही, कारण उत्तर आधीच माहीत आहे. एकाजवळ अशी काही माहिती हवी, की जी दुसऱ्याजवळ नाही आणि जी त्याला हवी आहे. खेळामुळे नेमकी ही परिस्थिती निर्माण होते.

वीस प्रश्न

‘वीस प्रश्न’ हा खेळ तुम्ही मराठीतून खेळला असाल. एकाने मनात एखादी वस्तू धरायची. दुसऱ्याने वीसपर्यंत प्रश्न विचारून ती ओळखायची. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. आता हाच खेळ तुम्ही शिकत असलेल्या परक्या भाषेतून खेळा.

वीस प्रश्न थोडे वाटतात का? गणित करून पाहू. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या होत असतील, तर १० प्रश्नांत १,०२४ वस्तूंतून एक वस्तू शोधता येते आणि २० प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंतून एक! म्हणून ‘ती पेन्सिल आहे का?’ असा प्रश्न सुरुवातीलाच विचारणे म्हणजे एक संधी वाया घालवणे. ‘ती सजीव आहे का?’, ‘ती घरात असते का?’, ‘ती हातात मावते का?’ हे चांगले प्रश्न. म्हणजे ज्याला जिंकायचे आहे, त्याला ‘सजीव’, ‘मोठा’, ‘जड’, ‘लाकडी’ असे शब्द हवेतच. ते तो आपणहून शोधू लागतो.

शिवाय प्रश्न करण्याची रीत जिभेवर बसते. इंग्रजीत ‘इट इज बिग’ या वाक्याचा प्रश्न करताना ‘इज’ पुढे येतो : ‘इज इट बिग?’ जर्मनमध्येही क्रियापद पुढे येते : ‘इस्ट एस ग्रोस?’ मराठीत आपण वाक्य तसेच ठेवून शेवटी ‘का’ लावतो. आणि गंमत अशी, की जपानी लोकही प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ असाच उच्चार जोडतात! ‘खालील वाक्यांचे प्रश्नार्थक वाक्यांत रूपांतर करा’ हा स्वाध्याय दहा वेळा करायला सांगितला तर तुम्ही कंटाळाल. खेळात तोच स्वाध्याय वीस वेळा होतो आणि तुम्ही म्हणता, ‘आणखी एक डाव!’

येथे चुकण्याची भीतीही कमी होते. प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर कोणी हसत नाही. उलट तेवढी माहिती पदरात पडते. शब्द चुकला, तर जोडीदाराला कळत नाही. मग वाक्य दुरुस्त करून पुन्हा विचारायचे. परकी भाषा बोलताना ज्यांची मान खाली जाते, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

पुढचे अक्षर कोणते?

आता घरी एकट्यानेही करता येईल असा एक प्रयोग. अमेरिकन गणितज्ञ व अभियंता क्लॉड शॅनन याने १९५१ साली एका लेखात तो वर्णिला आहे. समोरच्याला न दिसणारा इंग्रजी मजकूर घ्यायचा आणि त्याला एकेक अक्षर ओळखायला सांगायचे. चुकले तर खरे अक्षर सांगून पुढे जायचे. इंग्रजीची २६ अक्षरे आणि शब्दांमधली मोकळी जागा धरून २७ चिन्हे होतात. डोळे मिटून ठोकून द्यायचे म्हटले, तर १२९ चिन्हांपैकी सरासरी पाचेक बरोबर येतील. शॅननच्या प्रयोगात १२९ पैकी ८९ चिन्हे पहिल्याच प्रयत्नात बरोबर आली!

हे कसे झाले? भाषा जाणणाऱ्याच्या डोक्यात पुढचे अक्षर आधीच तयार असते. ‘काल आम्ही गावाला …’ एवढे ऐकले की तुम्ही ‘गेलो’ म्हणून मोकळे होता. ‘काल’ या शब्दाने काळ सांगितला आणि ‘आम्ही’ या शब्दाने पुरुष व वचन सांगितले. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकाने उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाला भरायला लावण्याची पद्धत मांडली. उतारा वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी ती होती; पुढे परकी भाषा किती आली हे तपासण्यासाठीही ती वापरली गेली.

तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकातली न वाचलेली ओळ पोस्टकार्डाने झाका. कार्ड एकेक अक्षर सरकवत पुढचे अक्षर ओळखा आणि १०० पैकी किती बरोबर आली ते मांडून ठेवा. दर महिन्याला नव्या ओळीवर हाच प्रयोग करा. आकडा वाढत गेला, तर भाषा तुमच्या अंगात मुरते आहे असे समजा.

विचारले की टिकते

खेळामुळे शब्द लक्षात राहतात, ही नुसती समजूत आहे का? जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली यासंबंधीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचे ४० शब्द अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्द एका गटाला पुन्हा पुन्हा विचारला. दुसऱ्या गटाला तो पुन्हा पुन्हा वाचायला दिला, पण विचारला नाही. शिकण्याच्या दिवशी दोन्ही गटांना सगळे शब्द येत होते. एका आठवड्यानंतर पाहिले, तर पहिल्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आठवत होते आणि दुसऱ्याला सुमारे ३६ टक्के!

म्हणजे वाचून नव्हे, आठवून शब्द टिकतो. पुठ्ठ्याचे पत्ते कापा. एका बाजूला परका शब्द आणि दुसऱ्या बाजूला चित्र किंवा मराठी अर्थ लिहा. अर्थ सांगता आला तर पत्ता जिंकणाऱ्याचा, नाही तर गठ्ठ्याच्या तळाशी. प्रत्येक पत्ता म्हणजे एक छोटी परीक्षाच; फक्त ती परीक्षा वाटत नाही.

मात्र प्रत्येक खेळ उपयोगाचा असतोच असे नाही. कसोटी साधी आहे : ती भाषा न वापरता खेळ जिंकता येतो का? येत असेल, तर करमणूक होईल, भाषा येणार नाही. शब्द बोलून दाखवल्याखेरीज पत्ता मिळणार नाही आणि वाक्य पूर्ण केल्याखेरीज प्रश्न मोजला जाणार नाही, असा नियम आधीच ठरवून टाका.

तुमच्यासाठी कोडे

स्वाहिली भाषेतली ही वाक्ये पाहा.

निनासोमा – मी वाचत आहे.
निलिसोमा – मी वाचले.
अनासोमा – तो वाचत आहे.
उनासोमा – तू वाचत आहेस.
निनापिका – मी स्वयंपाक करत आहे.

आता स्वाहिलीत सांगा : (१) त्याने स्वयंपाक केला. (२) तू स्वयंपाक करत आहेस.

हे सुटले, की असेच एक कोडे मराठीचे तयार करा आणि मराठी न येणाऱ्या एखाद्या मित्राला घाला. ‘घरात, घरातून, घराला, गावात, गावातून…’ अशी सुरुवात करता येईल. कोडे रचताना आपल्याच भाषेतला एखादा नियम तुम्हांला पहिल्यांदा दिसेल.

उत्तर : (१) अलिपिका. (२) उनापिका. नि = मी, उ = तू, अ = तो किंवा ती; ना = क्रिया चालू आहे, लि = क्रिया झाली; सोमा = वाचणे, पिका = स्वयंपाक करणे.