परदेशी शाळेला हवा तो दाखला

परदेशातल्या शाळेत नोकरी ठरली की करारपत्रापाठोपाठ एक मागणी हमखास येते: पोलिसांचा दाखला आणा. व्यवहारात त्याला पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट म्हणतात. वाशी-नेरुळच्या शाळांत वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला ही मागणी खटकते. ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत?’ हा त्याचा प्रश्न साहजिकच आहे. राग समजण्यासारखा असला तरी तो चुकीच्या जागी निघतो, असं माझं मत आहे. काळजी करायचीच तर ती आपल्या शाळा हाच कागद इतक्या आग्रहाने का मागत नाहीत, याची करावी.

आधी कागद कसा मिळतो ते पाहू, कारण बहुतेकांची चिडचिड तिथेच होते. आपल्याकडे चारित्र्याचे दाखले दोन प्रकारचे आहेत. एक पोलीस आयुक्तालय देतं ती चारित्र्य पडताळणी. ती देशातल्या नोकरीसाठी किंवा कंत्राटासाठी चालते. दुसरा पीसीसी. तो पासपोर्ट कार्यालय देतं, त्याचं शुल्क 500 रुपये आहे आणि परदेशी शाळेला लागतो तो हाच. पहिला काढून दुसऱ्याच्या खिडकीवर गेलेल्या माणसाचा हेलपाटा फुकट जातो. सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतला जातो, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली. खरी अडचण पत्त्याची. 1994 साली स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द दोन जिल्ह्यांत पसरली आहे: वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात. शिवाय खारघर-कामोठे पनवेल महापालिकेत मोडतात. त्यात पासपोर्टवर सातारा किंवा सांगलीचा पत्ता, राहणं अकरा महिन्यांच्या करारावर आणि तो करारही दर वर्षी नव्या सोसायटीत. चौकशी संबंधित पोलीस ठाण्यातून होते, म्हणून पत्त्यात गफलत झाली की अर्ज लोंबकळतो. राहत्या घराचा पुरावा आणि पोलीस ठाण्याचं नाव आधीच नीट जुळवून घेतलं तर यातला बराच त्रास वाचतो. दाखला हातात आल्यावरही अनेक देशांना त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल हा शिक्का हवा असतो. भारतात ही पद्धत जुलै 2005 पासून लागू आहे. जे देश अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीची वेगळी मोहोर घ्यावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर दोन प्रकरणांत सापडतं. विल्यम व्हेही या अमेरिकन शिक्षकाला 1969 साली कॅलिफोर्नियात मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल शिक्षा झाली होती. तरीही पुढची चाळीसेक वर्षं तो देशोदेशीच्या आंतरराष्ट्रीय शाळांत शिकवत राहिला. 2014 मध्ये निकाराग्वात त्याचं बिंग फुटलं, त्यानंतर त्याने आत्महत्या केली. प्रत्येक शाळेने आधीच्या शाळेवर विश्वास ठेवला आणि मूळ नोंदीपर्यंत कोणी पोहोचलंच नाही. दुसरं प्रकरण इंग्लंडमधल्या सोहमचं. 2002 साली तिथे दोन शाळकरी मुलींचा खून झाला आणि खुनी इयन हंटली हा स्थानिक शाळेतला कर्मचारी निघाला. त्याच्याविरुद्ध आधी तक्रारी झाल्या होत्या. पण नोकरीचा अर्ज त्याने दुसरं आडनाव लावून केला होता आणि पडताळणी त्या आडनावापुरतीच झाली. या खुनांनंतर नेमलेल्या बिचर्ड चौकशीने यावर कडक ताशेरे ओढले आणि पुढे ब्रिटनमधली पडताळणीची सगळी व्यवस्था नव्याने उभी राहिली. एप्रिल 2017 पासून तर शिक्षण क्षेत्रातल्या कामासाठी ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्याला, गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे वर्षभर किंवा अधिक काळ राहिला त्या प्रत्येक देशाचा दाखला द्यावा लागतो. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या आपल्याकडच्या शिक्षिकेला सगळी जुनी नावं विचारतात तेव्हा तिला ते खुळचट वाटतं. त्या प्रश्नामागे हंटलीचं प्रकरण आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याची पोलिसांकडे नोंद कुठून असणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीतला असतो. तो सराईत गुन्हेगार असतोच असं नाही. शिवाय आपला पीसीसी अगदी तोकडा आहे. या पासपोर्टधारकाला अमुक देशाचा व्हिसा नाकारावा अशी प्रतिकूल माहिती आमच्याकडे नाही, एवढाच त्याचा आशय. मुलांसोबत काम करण्याच्या लायकीबद्दल त्यात चकार शब्द नाही. हे सगळं खरंच आहे. म्हणूनच चांगल्या परदेशी शाळा तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या जुन्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोलतात आणि नोकरीत मध्येच पडलेल्या खंडाचा हिशेब मागतात. दाखला ही पहिली चाळणी आहे. तिच्यातून सगळं निवडलं जात नाही म्हणून ती फेकून द्यायची नसते.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. अनुदानासाठी किंवा पेन्शनसाठी आंदोलनाला बसलेल्या शिक्षकावर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा नोंदला जातो, खटला रेंगाळतो आणि नेमका नोकरीच्या वेळी दाखला अडतो. आरोप म्हणजे दोष नव्हे, आणि आंदोलनाला बसणं व मुलाला इजा करणं यांची जातकुळीही एक नव्हे. पण एका वाक्याच्या कागदात हा फरक दाखवायला जागाच नाही. इथे दुरुस्ती हवी: दाखल्यात गुन्ह्याचं स्वरूप आणि खटल्याची स्थिती नमूद व्हावी, निर्णय नेमणाऱ्याने घ्यावा.

आता आपल्या शाळांकडे वळू. मार्च 2020 मध्ये लागू झालेले पॉक्सो नियम सांगतात की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळाही त्यात आल्या, शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, सर्वांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी. म्हणजे लंडनची शाळा मागते ते आपला कायदाही मागतोच. तरी ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी कंत्राटदारामार्फत नेमलेला सफाई कर्मचारी होता आणि त्याच महिन्यात कामावर लागला होता. पडताळणीने ती घटना टळली असती असा दावा करता येणार नाही. पण 21 ऑगस्टला राज्य सरकारला शासन निर्णय काढून पडताळणीचा आदेश पुन्हा द्यावा लागला, यातून चार वर्षं नियमाचं काय झालं होतं ते कळतं. परदेशी शाळेच्या बाबतीत कागद नाही तर व्हिसा नाही, म्हणून शिक्षक धडपडून तो आणतो. इथे कागद नसल्याने कोणाचंच काही अडत नाही. अनुदानित शाळेत पडताळणीची तारीख शालार्थ या वेतन प्रणालीत नोंदवल्याशिवाय पगार निघू नये, खासगी शाळेच्या मान्यतेचं नूतनीकरण होऊ नये आणि सफाई व बसच्या कंत्राटदाराचं बिल मंजूर होऊ नये, एवढी गाठ सरकारने मारली तर अंमलबजावणीसाठी नवा कायदा लागणार नाही. सुरुवात मात्र कंत्राटदाराच्या बिलापासून व्हावी, कारण शिक्षकांच्या फायली निदान शाळेत असतात. कंत्राटी माणसाची फाईल बहुतेक ठिकाणी शाळेकडे नसतेच.