सांगाड्याची गोष्ट आणि बिंदोची पिल्लं

गैरसमज : ‘गॉडझिला : आफ्टरशॉक’ म्हणजे चित्रपटाचीच गोष्ट कॉमिकमध्ये.

वस्तुस्थिती : हे ग्राफिक नॉव्हेल स्वतंत्र आहे. आर्विड नेल्सन यांनी लिहिलेलं आणि ड्र्यू एडवर्ड जॉन्सन यांनी चितारलेलं हे पुस्तक २०१९ मध्ये आलं. त्याची कथा २०१४ चा ‘गॉडझिला’ आणि २०१९ चा ‘किंग ऑफ द मॉन्स्टर्स’ यांच्या मधल्या काळात घडते. पहिल्या चित्रपटात फिलिपिन्समधल्या खाणीखाली एका अजस्र प्राण्याचा सांगाडा सापडतो आणि लवकरच मागे पडतो. पुस्तक पुन्हा त्या सांगाड्याकडे वळतं. तो गॉडझिलाच्याच जातीचा होता. ‘म्युटो’ नावाचे परजीवी त्या जातीच्या शरीरात अंडी घालून वाढतात. म्हणून त्यांच्यातल्या ‘म्युटो प्राइम’शी गॉडझिलाची झुंज ही वंश टिकवण्याची झुंज ठरते, आणि मला हे पुस्तक आवडतं ते यासाठीच.

गैरसमज : ते वाचल्याशिवाय दुसरा चित्रपट कळत नाही.

वस्तुस्थिती : कळतो. फक्त पुस्तकात भेटलेली डॉ. एमा रसेल पडद्यावर येते तेव्हा वाचकाला ती ओळखीची वाटते.

गैरसमज : महाकाय प्राण्यांच्या कथा परदेशातल्या, आपल्याकडे, त्यातही दरेकशासारख्या आडवळणाच्या गावी, त्यांचं काय?

वस्तुस्थिती : गॉडझिला जपानचा, १९५४ चा, अणुबाँबच्या जखमेतून जन्मलेला. पण दरेकसा स्थानकापासून जवळच कचारगडची गुहा आहे, आणि गोंडांची लिंगोकथा गुहेत कोंडलेल्या माणसांचीच आहे. पादरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही कथा नागपूरकडे ऐकून उतरवली. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये ती छापली गेली. त्या पाठात गोंडांच्या सुटकेसाठी महादेव कथेचा नायक लिंगो याच्याकडे बिंदो या प्रचंड काळ्या पक्ष्याची पिल्लं मागतो. समुद्रातून येणारा महासर्प ती पिल्लं दर खेपेला गिळत असतो. लिंगो त्याला मारतो, आणि बिंदो कृतज्ञतेनं पिल्लांसह त्याला पाठीवर घेऊन उडतो. कोंडलं जाणं आणि सुटका यांच्या मधला हा दुवा. इथेही प्रश्न पिल्लांचाच.

कचारगडला सांगितली जाणारी कथा वेगळी आहे. तिथे हिरासुका पाटालीर किंगरी वाजवतो, गुहेच्या तोंडावरची शिळा सरकते, आत कोंडलेली तेहतीस मुलं बाहेर येतात आणि तो स्वतः त्या शिळेखाली प्राण सोडतो. माघ पौर्णिमेच्या यात्रेला शेजारच्या राज्यांतूनही माणसं येतात, ती या श्रद्धेपोटी. एक पाठ खरा आणि दुसरा खोटा, असं इथे नाही.

गैरसमज : गोंड चित्रशैली भिंतीपुरती; तिच्यात लांबलचक कथा मावत नाही.

वस्तुस्थिती : दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ मध्ये आलेल्या ‘भीमायन’ या ग्राफिक नॉव्हेलमध्ये डॉ. आंबेडकरांचं आयुष्य त्याच शैलीत उभं केलं. बिंदोची काळी पिसं आणि त्या सर्पाचे वेटोळे अशा हातांनी काढलेले मला पाहायचे आहेत.