डिस्कलाही दुपारची झोप हवी

मे महिन्यात लाखांदूरला दुपारी बाहेर पडायचं तर माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळतो. घरातलं एक यंत्र मात्र तसंच तापत बसलेलं असतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे किंवा फोटोंची हौस असलेल्या घरी कोपऱ्यात एक जुना संगणक रात्रंदिवस चालू असतो. तोच घरचा सर्व्हर. त्यात तीन-चार हार्ड डिस्क, आणि त्यांवर लग्नं, बारशी, मंडईतल्या नाटकांची चित्रणं. झाडीपट्टी रंगभूमीचं वडसा जवळच आहे, त्यामुळे हा साठा मोठा असतो. अनेकदा त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. तुम्ही फाईल उघडा किंवा उघडू नका, फिरणं चालूच. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी साधारण ५ वॅट खाते. चार डिस्कचे २० वॅट म्हणजे महिन्याला सुमारे १४ युनिट. आकडा छोटा वाटेल, पण महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, आणि उन्हाळ्यात कूलरमुळे आपण त्या उंबरठ्याशी पोचलेलोच असतो.

शिवाय खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. बंद डब्यातली डिस्क खोलीपेक्षा १०-१५ अंशांनी सहज जास्त तापते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश असते. पत्र्याखालची खोली ४५ अंशांवर गेली, की उरलं काय?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उष्णतेची भीती थोडी फुगवलेलीही असते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट नाही, असं त्यात दिसलं. फार थंड डिस्कही बिघडत होत्या. फरक पडला तो खूप तापलेल्या आणि त्यातही तीन वर्षांहून जुन्या डिस्कना. आपल्याकडची मे महिन्यातली जुनी डिस्क नेमकी त्याच गटात बसते.

उपाय सोपा आहे: काम नसेल तेव्हा तबकड्या थांबवा. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये, लिनक्समध्ये ‘एचडीपार्म’ या आज्ञेने ही वेळ ठरवता येते. थांबलेली डिस्क एक वॅटपेक्षाही कमी घेते. दिवसाचे २० तास चारही डिस्क झोपल्या तर महिन्याला ९-१० युनिट वाचतात. पण वेळ एक-दोन मिनिटांची ठेवू नका. पुन्हा फिरायला लागताना डिस्क क्षणभर २० वॅटच्या आसपास ओढते आणि मोटरवर ताण येतो. वीस मिनिटं ते अर्धा तास बरा. जागं व्हायला दहाएक सेकंद लागतात, तेवढं थांबायचं.

खरी डोकेदुखी पुढे असते. सगळं ठरवूनही डिस्क झोपतच नाही. कुठला तरी प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी नोंद लिहितो, व्हायरस तपासणारा फाईली चाळत बसतो. म्हणून विंडोज किंवा लिनक्स आणि त्यांच्या नोंदी लहानशा एसएसडीवर ठेवा. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग सतत चालतं, त्याची डिस्क कधीच झोपणार नाही. ती वेगळी काढा, नाहीतर ती बाकीच्यांनाही जागवत राहील.

चार जुन्या लहान डिस्कऐवजी एक मोठी घेतली तर बचत याहून जास्त. साठवण चौपट झाली म्हणून वीज चौपट लागत नाही. मात्र एकाच डिस्कवर सगळं ठेवणं म्हणजे सगळं धान एकाच कोठीत भरणं, म्हणून दुसरी प्रत हवीच.

डबा भिंतीला चिकटवू नका, दोन डिस्कमध्ये बोटभर जागा सोडा, पंख्यावरची धूळ होळीच्या सुमारास एकदा झाडा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. हवेबरोबर उडणारे थेंब क्षार सोडून जातात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कचं तापमान दाखवतो. दुपारी तीनला एकदा बघा. ५० च्या वर आकडा गेला तर संध्याकाळपर्यंत सर्व्हर बंदच ठेवा, फोटो कुठे पळून जात नाहीत.

दुसऱ्या प्रतीची डिस्क सर्व्हरला कायम जोडून ठेवायची गरजच नाही. महिन्यातून एकदा रात्री जोडायची, प्रत करायची, काढून कपाटात ठेवायची. तिला शून्य वॅट लागतात.