टेबलावरचा डाव दिवाणखान्यांत

सोलापूरच्या चादरीवरील मोर ज्यानें प्रथम कागदावर रेखाटला, त्याच्या हाताला कसलेंच बंधन नव्हतें. पिसाऱ्याची रेघ हवी तितकी बारीक आणि मानेचा बांक हवा तितका डौलदार काढण्यास तो मोकळा होता. परंतु तोच मोर मागावर चढवावयाचा म्हणजे तो आधीं चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची एक भेट. त्या ठिकाणीं उभा धागा वर असेल किंवा खालीं असेल, तिसरी शक्यता नाहीं. धागे उचलणारे आकडे मागाला जितके असतील, तितकाच बारकावा नक्षींत येणार. मग नक्षीकार पिसाऱ्यांतील कांहीं डोळे गाळतो, मानेचा बांक पायऱ्यापायऱ्यांनीं बसवितो, आणि तरीहि चादर अंथरली म्हणजे घरांतील लहान मूल तिच्यावर बोट ठेवून 'मोर' असेंच म्हणतें. कोणता डोळा गाळला तरी चालेल आणि कोणता गाळला तर मोराचा कोंबडा होईल, हें ज्यास कळतें तो नक्षीकार.

या मागाचें आणि संगणकाचें नातें जुनें आहे. फ्रान्समधील लियाँ शहरीं जोसेफ मारी जाकार यानें १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यांत कोणते धागे उचलावयाचे हें छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनें ठरतें. त्यापूर्वीं अशा नक्षीसाठीं विणकराबरोबर एक मदतनीस बसवावा लागे, आणि तो दिवसभर दोऱ्या ओढी. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं हेच पुठ्ठे उसने घेतले. म्हणून संगणकावरील एका जातीच्या खेळाचें रूपांतर समजून घेतांना प्रथम सोलापूरच्या मागापाशीं थांबणें अस्थानीं होणार नाहीं.

ही जात म्हणजे डावपेचांचे खेळ. येथें धांवत्या मोटारी किंवा बंदुकींचा धडाका डोळ्यांपुढें आणण्याचें कारण नाहीं. १९९१ सालीं अमेरिकेंत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनीं 'सिव्हिलायझेशन' नांवाचा खेळ रचला. इसवी सनापूर्वीं ४००० या वर्षीं वसाहतकारांची एक टोळी माळरानावर उभी असते. तेथून आरंभ करून खेळाडूनें नगरें वसवावयाचीं, रस्ते बांधावयाचे, कर बसवावयाचे, लेखनकलेपासून अंतराळयानापर्यंत एकेक विद्या संपादावयाची आणि शेजारच्या राजांशीं तह करावयाचे किंवा मोडावयाचे. बुद्धिबळांत प्रत्येक पक्षाचीं मोहरीं सोळा, आणि तींहि कमी होत जातात. येथें मोहरीं वाढत जातात. उत्तरार्धांत नगरें, फौजा आणि जहाजें मिळून इतक्या वस्तूंकडे पाहावें लागतें कीं एका खेळींत अर्धा तास सहज जावा.

हा खेळ जन्मला टेबलावर. खेळाडू खुर्चीवर बसलेला, पडदा त्याच्यापासून दीडदोन फुटांवर, डाव्या हाताखालीं शंभरावर बटणांचा कळफलक आणि उजव्या हातांत माऊस. उलटपक्षीं घरगुती कन्सोल दिवाणखान्यांतील टीव्हीला जोडलेला असतो. खेळाडू आठदहा फुटांवर गादीवर रेललेला. त्याच्या दोन्ही हातांत मिळून एकच कंट्रोलर, आणि त्यावर अंगठ्यांनीं फिरवावयाच्या दोन लहान दांड्या व डझनदीड डझन बटणें. टेबलावरचा डाव या दिवाणखान्यांत कसा आणावयाचा, हा तो प्रश्न.

बटणें कमी, एवढीच अडचण असती तर ती लवकर सुटली असती. खरी अडचण दाखविण्याची आहे. माऊसनें दाखविणें म्हणजे नकाशावर बोट ठेवण्यासारखें: मनांत आलें आणि बोट तेथें पोंचलें. दांडीनें दाखविणें म्हणजे बैलाला मागून हांकीत शेताच्या नेमक्या कोपऱ्यांत नेण्यासारखें. तो थोडा पुढें जातो, मग परत वळवावा लागतो. सिव्हिलायझेशनसारख्या पाळीपाळीनें चालणाऱ्या खेळांत या उशिरानें फक्त चिडचिड होते, कारण प्रतिस्पर्धी थांबून असतो. परंतु या खेळांची दुसरी शाखा अखंड चालणाऱ्या काळाची आहे. १९९७ सालीं निघालेला 'एज ऑफ एम्पायर्स', १९९८ चा 'स्टारक्राफ्ट' हे तिचे प्रसिद्ध नमुने. त्यांत एकानें विचार करीत बसावें तोंपर्यंत दुसऱ्याची फौज दाराशीं आलेली असते. तेथें बैल हांकणाऱ्याची गति म्हणजे पराभवच.

आरंभीचे प्रयत्न या अडचणीकडे डोळेझांक करून झाले. २००० सालीं स्टारक्राफ्ट निंतेंदो ६४ या कन्सोलवर आला. माऊसचा बाण दांडीनें हलवावयाचा, एवढाच त्यांतील मुख्य उपाय. दुसरा एज ऑफ एम्पायर्स २००१ सालीं प्लेस्टेशन २ वर आला तेव्हां त्याला कळफलक आणि माऊस जोडण्याची सोय ठेवली होती, म्हणजे दिवाणखान्यांत पुनः टेबल आणून ठेवलें. त्यांत खेळ जसाच्या तसा राहिला हें खरें, पण ज्याच्यासाठीं तो आणला तो गादीवरील माणूस बाहेरच राहिला.

मग विचार उलट्या बाजूनें सुरू झाला. सिड मायर यानें कन्सोलसाठीं सिव्हिलायझेशन पहिल्यापासून नव्यानें मांडला आणि तो 'सिव्हिलायझेशन रेव्होल्यूशन' या नांवानें २००८ सालीं बाहेर पडला. त्यांतील काटछांट पाहण्यासारखी आहे. मूळ खेळांत शेतें व रस्ते सुधारणारे कामकरी एकेक करून हलवावे लागत. ते येथें मुळांतच नाहींत. दोन नगरांमध्यें रस्ता हवा असेल तर सोनें मोजावें, रस्ता तयार. एकाच जातीच्या तीन तुकड्या एकत्र करून एक सैन्य होतें, त्यामुळें हलवावयाचीं मोहरीं कमी. नकाशा आटोपशीर, आणि जो डाव टेबलावर दिवसचे दिवस चाले तो कांहीं तासांत पुरा होतो. सोळा राष्ट्रांपैकीं हिंदुस्थानचें नेतृत्व महात्मा गांधींकडे दिलें आहे. ज्या शहरानें १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेनंतर मार्शल लॉ सोसला, तेथील श्रोत्यास गांधींना फौजा हलवितांना पाहून हंसावें कीं कपाळावर हात मारावा, असें वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु तो दोष कन्सोलचा नव्हे, १९९१ च्या मूळ खेळांतहि गांधी होतेच.

जुन्या खेळाडूंपैकीं पुष्कळांना हें रूप उथळ वाटलें. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं: कामकऱ्यांबरोबर जमिनीचा विचारहि गेला, आणि कोणती टेकडी खणावी, कोणत्या कुरणास पाणी द्यावें या लहान निर्णयांतच कित्येकांचा आनंद होता. तरी न्यायानें पाहतां हा नक्षीकार प्रामाणिक ठरतो. आपल्या मागाचे आकडे किती हें त्यानें आधीं मोजलें आणि मग मोर काढला.

अखंड काळाच्या शाखेंत हेंच काम ज्यांनीं केलें ते मूळचे एज ऑफ एम्पायर्सचेच कर्ते, एन्सेम्बल स्टुडिओज. त्यांनीं २००९ सालीं 'हेलो वॉर्स' हा खेळ एक्सबॉक्स ३६० साठीं, कंट्रोलर हातांत धरूनच रचला. इमारती कोठेंहि बांधतां येत नाहींत, तळाभोंवतीं नेमलेल्या जागींच येतात. एका बटणानें सगळी फौज निवडली जाते, दुसऱ्यानें पडद्यावर दिसणारीच. खेळ बाजारांत येण्याच्या सुमारासच ही संस्था बंद झाली, ही त्या प्रयत्नाची दुःखाची बाजू.

परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण पुढचें आहे. १९९९ चा दुसरा एज ऑफ एम्पायर्स नव्या रूपांत ३१ जानेवारी २०२३ रोजीं एक्सबॉक्सवर आला, आणि या वेळीं त्यांतील राष्ट्रें, फौजा, इमारती यांपैकीं कांहींहि छाटलेलें नव्हतें. मग बैल हांकण्याचें काय झालें? या खेळाचा पाया म्हणजे गांवकरी. धान्य, लांकूड, सोनें आणि दगड हे चार जिन्नस ते गोळा करतात, आणि संगणकावर प्रत्येक गांवकऱ्याला माऊसनें उचलून झाडापाशीं, शेतावर किंवा खाणीवर सोडावें लागतें. रानांतील लांकूड संपलें कीं तो रिकामा उभा राहतो, आणि चांगला खेळाडू लढाईच्या धुमाळींतहि त्याच्याकडे नजर ठेवून असतो. नव्या आवृत्तींत खेळाडूनें फक्त प्रमाण सांगावयाचें: सध्यां धान्याकडे अधिक माणसें, लांकडाकडे बेताचीं, सोन्याकडे थोडीं. मग नवा गांवकरी आपल्या पायांनीं कामावर जातो. हवें त्यास ही सोय बंद ठेवून पूर्वीप्रमाणें एकेकास हांकतां येतें. शिवाय कळफलक आणि माऊस जोडण्याचीहि मुभा आहे.

येथें खरा वाद उभा राहतो. गांवकऱ्यांना हांकण्याची चपळाई हा खेळाचा भाग होता कीं खेळाच्या वाटेंतील अडथळा? ज्यांनीं वर्षानुवर्षें बोटें घोटून ती कमावली, त्यांना यंत्रानें ती फुकट वाटावी हें पटत नाहीं, आणि त्यांच्या तक्रारींत कष्टाचा अभिमान आहे. तथापि जाकारच्या मागानें नेमकें हेंच केलें होतें. दोऱ्या ओढणारा मदतनीस गेला. कोणती नक्षी, कोणता रंग, किती दाट विणावें, हें ठरविणें माणसाकडेच राहिलें. गांवकऱ्यांचें प्रमाण ठरविणें हा निर्णय आहे, त्यांना झाडापाशीं सोडणें ही मजुरी आहे. हें वांटप ज्यानें केलें त्यानें खेळाचें मर्म ओळखलें, असें म्हणावें लागतें. मात्र वेळ चुकवून शत्रूला फसविण्यासाठीं दोनच गांवकरी गुपचूप पुढें पाठवून शत्रूच्या दाराशीं बुरुज उभारणें, असल्या खोड्या प्रमाण सांगून होत नाहींत. तेथें अजून हातच लागतो, आणि अंगठ्याची दांडी माऊसपुढें तोकडी पडते.

दाखविण्याइतकाच वाचण्याचा प्रश्न नाजूक आहे. 'क्रुसेडर किंग्ज ३' हा स्वीडनच्या पॅराडॉक्स संस्थेचा खेळ २०२० सालीं संगणकावर आणि मार्च २०२२ मध्यें कन्सोलवर आला. त्यांत फौजांपेक्षां घराणीं महत्त्वाचीं: लग्नें, वारस, दायादांचीं भांडणें, दरबारांतील कट. नकाशावर हिंदुस्थान आहे, आणि आरंभाच्या वर्षांपैकीं एक वर्ष १०६६, म्हणजे ज्या काळीं सोलापूरचा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखालीं होता तो काळ. हा खेळ बहुतेक वाचनाचाच. संगणकावर अपरिचित शब्दावर बाण नेऊन क्षणभर थांबलें कीं त्याचा अर्थ सांगणारी चौकट उघडते. त्या चौकटींतील शब्दावर बाण नेला कीं दुसरी, तिच्यांतून तिसरी. कंट्रोलरला असें नुसतें 'वर थांबणें' ठाऊकच नाहीं. म्हणून पडद्यांची सर्व मांडणी पुनः करावी लागली, आणि हें काम लॅब४२ या इंग्रजी संस्थेकडे सोंपविलें गेलें. टेबलावर दीड फुटावरून वाचतां येणारें अक्षर दहा फुटांवरून मुंगीएवढें दिसतें. तें मोठें करावें तर पडद्यावर मजकूर कमी मावतो, आणि मजकूर कमी करावा तर कोणत्या चुलत्याचा हक्क कोणत्या गादीवर आहे हें खेळाडूस कळत नाहीं. अशा वेळीं मजकूर अनेक पानांत वांटून, एकेक पान बटणानें उलटावें लागतें. उलटण्यास वेळ जातो खरा, पण या खेळांत काळ थांबवितां येतो, त्यामुळें चुलत्याला वाट पाहावी लागते.

यानंतर अडचण उरते ती यंत्राच्या दमाची. डाव जसा लांबतो तशीं राज्यें आणि माणसें वाढतात, आणि खेळाडूची पाळी संपल्यावर त्या सर्वांचा विचार यंत्रास करावा लागतो. सहावा सिव्हिलायझेशन २०१८ च्या नोव्हेंबरांत निंतेंदो स्विच या हातांत मावणाऱ्या कन्सोलवर मोठी काटछांट न करतां आणला गेला, आणि पुढील वर्षीं त्याच महिन्यांत प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर. आरंभीच्या शतकांत पाळी क्षणांत परत येते; विमानें उडूं लागण्याच्या काळांत खेळाडूनें आपली चाल संपवावी, कन्सोल खालीं ठेवावा आणि चहाचें आधण चढवून यावें.