थंडीतील पहाटेचा प्रवास

पौष महिना लागला की भंडारा जिल्ह्यातील पहाट फार थंड होते. धानाची कापणी उरकलेली असते. रिकाम्या बांध्यांत लाखोळी आणि जवस उभा असतो व त्यांच्या पानापानांवर दहिवर साचलेले असते. अशा वेळी मोहाडी तालुक्यातील वरठी ह्या गावाच्या रस्त्यांवर दिवे हलू लागतात. भंडारा रोड हे रेल्वे स्थानक ह्याच गावी आहे आणि येथे पोलादाचा मोठा कारखानाही आहे. कारखान्याची भट्टी थंडीसाठी विझत नाही आणि आगगाडी उन्हाची वाट पाहत नाही. म्हणून कोणी पहिल्या पाळीच्या कामासाठी, तर कोणी नागपूरची गाडी गाठण्यासाठी, सायकलीवर किंवा मोटारसायकलीवर बसून अंधारातच घराबाहेर पडतो. त्याच्यापुढे दोन संकटे असतात : एक थंडीचे आणि दुसरे धुक्याचे. ह्या दोहोंमागील कारणे समजली, तर त्यांवरील उपायही सहज ध्यानात येतात.

वरठीत बर्फ पडत नाही. मग येथे एवढी थंडी का पडावी ? दिवसा सूर्याच्या उष्णतेने जमीन तापते आणि रात्री ती उष्णता आकाशाकडे परत जाते. आकाशात ढग असले तर ते गोधडीप्रमाणे ही उष्णता काही अंशी अडवून धरतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि रात्रही मोठी असते. त्यामुळे जमिनीची उष्णता वेगाने निघून जाते. समुद्र जवळ असता तर त्याने हवा ऊबदार राखली असती, पण विदर्भ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यातच उत्तरेकडील थंड वारे वाहू लागले म्हणजे पारा झपाट्याने खाली येतो. वरठीपासून सुमारे साठ किलोमीटरांवर असलेल्या नागपूर शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. जमीन रात्रभर उष्णता गमावीत असल्यामुळे सर्वांत अधिक थंडी सूर्योदयाच्या सुमारास असते. आणि नेमकी तीच कामगाराची घराबाहेर पडण्याची वेळ असते.

ही थंडी वाहनावर बसणाऱ्यास अधिकच झोंबते. आपल्या शरीराभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. मनुष्य स्वस्थ उभा असला तर हा थर टिकून राहतो. वाहन धावू लागले की समोरून येणारा वारा तो थर उडवून लावतो आणि त्याच्या जागी सतत नवी थंड हवा येते. पॉल सायपल व चार्ल्स पासेल ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४१ साली अंटार्क्टिका खंडावर ह्याचा अभ्यास केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, निरनिराळ्या वेगाच्या वाऱ्यात ते गोठण्यास किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. पुढे ह्या विषयाची गणिते अधिक अचूक झाली. त्यांनुसार हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा लागला, तर उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांइतकी थंडी भासते. तापमान ५ अंश असेल तर ती शून्याच्याही एक अंश खाली असल्यासारखी भासते.

ह्यावरून पहिला उपाय निघतो, तो म्हणजे वारा अडविणे. लोकरीचा स्वेटर ऊब देतो, कारण त्याच्या विणीत हवा कोंडून राहते आणि स्थिर हवेतून उष्णता सहजी बाहेर जात नाही. पण त्याच विणीतून वेगाचा वारा आत शिरतो. म्हणून स्वेटरावर वारा न शिरणारे जाकीट घालावे. जाकीट नसेल तर सदरा आणि स्वेटर ह्यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवाव्या. हा उपाय साधा आहे, पण फार गुणकारी आहे. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण त्या दोहोंमध्ये हवेचा आणखी एक थर सापडतो. गळ्याभोवती मफलर गुंडाळल्यास त्याची टोके आत खोचून घ्यावी. लोंबणारे टोक चाकात अडकून अपघात होतो. ओढणी आणि पदर ह्यांचीही तशीच काळजी घ्यावी. डोक्यावर हेल्मेट असावेच. कानटोपी पातळ असावी आणि तिच्यामुळे हेल्मेट सैल बसू नये.

हातांची काळजी तर सर्वांत आधी घ्यावयास हवी. थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे इत्यादी महत्त्वाच्या इंद्रियांस ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. त्यामुळे बोटे बधिर होतात. बधिर बोटांना ब्रेक दाबण्यास विलंब लागतो आणि तो किती जोराने दाबला गेला हेही कळत नाही. म्हणजे हातमोजे ही केवळ सुखाची वस्तू नसून ती सुरक्षिततेची वस्तू आहे. बोटे आखडू लागली तर रस्त्याच्या कडेला थांबावे आणि हात काखेत धरून ऊब आणावी. शेकोटी दिसताच बधिर हात तिच्या अगदी जवळ नेऊ नयेत. अशा हातांना चटका लागलेला समजत नाही. मद्याने ऊब येते, हा समजही चुकीचा आहे. त्याने कातडीकडे अधिक रक्त जाते व क्षणभर उष्ण वाटते, पण शरीराची उष्णता मात्र अधिकच निघून जाते.

आता धुक्याचा विचार करू. पहाटे जमिनीलगतची हवा थंड झाली म्हणजे तिच्यातील वाफेचे सूक्ष्म जलबिंदू बनतात. तेच धुके होय. वैनगंगेचे पात्र, जागोजागचे तलाव आणि ओली शेते ह्यांमुळे भंडारा जिल्ह्यातील हवेला वाफेची उणीव नसते. धुक्यात दिव्याचा झोत वर ठेवला तर जलबिंदूंवर आपटून तो प्रकाश चालकाच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून झोत खाली ठेवावा. मागील लाल दिवा स्वच्छ पुसलेला असावा. सायकलीला दिवा नसल्यास मागे प्रकाश परावर्तित करणारी लाल पट्टी तरी असावी.

पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगाचा आहे. धुक्यात वीस मीटरांपलीकडचे दिसत नाही, असे समजू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर बैलगाडी दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा सुमारे एक सेकंद जातो. ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावरही आणखी ९ मीटर अंतर लागते. म्हणजे वीस मीटर तेथेच संपले ! रस्ता दहिवराने ओला असेल तर ब्रेक लागल्यावर सुमारे १६ मीटर लागतात, आणि टक्कर टळत नाही. आता तोच वेग निम्मा, म्हणजे ताशी २० किलोमीटर केला, तर ओल्या रस्त्यावरही वाहन सुमारे दहा मीटरांत थांबते. वेग निम्मा होताच लागणारे अंतर जवळजवळ एकतृतीयांश होते. जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, हा धुक्याचा नियम आहे.

आगगाडीसही हा नियम चुकत नाही. दाट धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नाही, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळावर लहान स्फोटक टिकल्या बसविण्याची पद्धत भारतीय रेल्वेत आहे. चाकाखाली टिकली फुटली की आवाजाने चालक सावध होतो. आता उपग्रहांच्या साहाय्याने पुढील सिग्नलची सूचना देणारी यंत्रेही अनेक इंजिनांत असतात. धुक्यात गाडीस उशीर झाला म्हणजे प्रवासी कुरकुरतात. पण तो उशीर त्यांच्याच जिवाच्या रक्षणासाठी असतो.

आपल्या देशात ह्याहून कठीण थंडी लडाखमध्ये असते. तेथे रस्त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर साचतो. अशा बर्फावर ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन थांबावयास साठ मीटरांहून अधिक अंतर लागते. तेथील थंडीत साधे डिझेलसुद्धा थिजते. म्हणून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल २०१९ सालापासून लडाखला पुरविण्यात येऊ लागले. सीमा सडक संघटनेचे कामगार बर्फ बाजूला सारून तेथील घाटरस्ते खुले करतात.

लडाख असो वा वरठी, नियम एकच आहेत : वारा अडवावा, हात ऊबदार ठेवावे आणि वेग दृष्टीच्या पुढे जाऊ देऊ नये. त्यासाठी घरातून दहा मिनिटे लवकर निघावे लागते, एवढेच. पहाटे कामावर निघालेल्या माणसाचे हातमोजे आणि दिवा आदल्या रात्रीच दाराजवळ काढून ठेवणे, हे काम तर घरातील मुलांनाही करता येईल. कामावर दहा मिनिटे उशिरा पोहोचलेल्या माणसाचा थोडासा वेळ जातो. जो पोहोचतच नाही, त्याची वाट पाहणाऱ्या घराचे नुकसान मात्र कधीच भरून येत नाही.