शून्य बाइटचे बिऱ्हाड

महसूल खात्याच्या अभिलेखकक्षात ज्याच्या आयुष्याची एकोणतीस वर्षे गेली, त्याला ‘एक फाइल काही केल्या नष्ट होत नाही’ हे वाक्य ऐकून जितके कुतूहल वाटेल, तितके ते इतरांस वाटण्याचे कारण नाही. कारण आमच्या अमदानीत तक्रार नेमकी उलटी असे. पक्षकार चार खेटे घाली, आम्ही रुमाल सोडून बस्ते उलथेपालथे करीत असू आणि अखेरीस मागणीपत्रावर ‘आढळ होत नाही’ असा शेरा पडे. म्हणून पोंभुर्ण्याच्या एका सेवाकेंद्रात चार महिने एक फोल्डर ठाण मांडून बसले आहे आणि ते काढण्यास कोणासही यश आलेले नाही, ही वार्ता भाच्याने सहज बोलता बोलता सांगितली, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी मूलमार्गे निघणारी एस.टी. पकडली.

पोंभुर्णा पूर्वी गोंडपिपरी तालुक्यात मोडे. आता ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे, नगरपंचायत आहे, तहसील आहे, आणि जिथे तहसील तिथे तिच्या सावलीत वाढणारी झेरॉक्सची, मुद्रांकांची आणि अर्ज भरून देण्याची दुकाने आहेत. हे केंद्र त्यांतलेच, दोन खणांचे. त्याच्या भिंतीला लागून बुरडाचे काम चालते. ओला बांबू चिरला की त्याचा हिरवा, किंचित आंबूस, पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा वास केंद्रात शिरतो आणि संगणकाच्या तापलेल्या धुळीच्या वासात मिसळतो. त्या दोन दिवसांत मी काय काय पाहिले याची आठवण करू लागलो की प्रथम तो वासच येतो.

केंद्र चालविणारा तरुण सव्विसाच्या आसपासचा, अंगाने किरकोळ, बोलण्यात अत्यंत अदबीचा. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘बाबाजी, अंगठा थोडा पुसून ठेवा न जी’ म्हणत त्याने दोन अर्ज मार्गी लावले आणि मग पडदा माझ्याकडे वळविला.

‘हे पाहा जी सर. झिरो बाइट दाखवते, पन जात नाही. चार महिने झाले.’

पडद्यावर पिवळ्या रंगाचे एक फोल्डर होते आणि त्याखाली नाव होते : ‘ग्रा.पं.’. त्याचे गुणधर्म विचारले असता आत शून्य फाइली आणि एकूण वजन शून्य बाइट असे उत्तर आले. त्याने डिलीटची कळ दाबली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि ही वस्तू सापडली नाही, ती आता या जागी नाही, जागेची खात्री करून पुन्हा प्रयत्न करावा, अशा आशयाचा सविनय खलिता पुढे केला. फोल्डर खलित्याच्या मागे जसेच्या तसे दिसत होते.

मला हसू आवरेना. कागदोपत्री विहीर आहे आणि मोक्यावर नाही, अशी प्रकरणे मी पुष्कळ हाताळली होती. परंतु मोक्यावर वस्तू डोळ्यांसमोर उभी असताना दप्तर ‘ती नाहीच’ म्हणून लेखी देते, हा प्रकार मला नवा होता. शून्य बाइटचे हे बिऱ्हाड भाडे देत नव्हते, जागा अडवीत नव्हते, आणि तरीही घरमालकास झोप येऊ देत नव्हते.

न जाणाऱ्या फाइलीची नेहमीची कारणे तीन-चार असतात आणि ती त्याला तोंडपाठ होती : ती दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असते, तिची मालकी दुसऱ्याच्या नावे असते, तिचा पत्ता 260 अक्षरांच्या जुन्या मर्यादेबाहेर गेलेला असतो, किंवा डिस्कच खराब झालेली असते. चारही कारणे त्याने तपासून बाद केली होती. दुरुस्तीवाल्याने दूरध्वनीवरच निदान केले होते, ‘फॉर्मॅट मारून देतो’. हा ‘मारणे’ शब्द मला प्रथमपासून खटकला. एका खोलीचे कुलूप उघडत नाही म्हणून वाडा पाडावा आणि वर त्याची मजुरी मागावी, असा हा सल्ला. आणि तो जागोजागी इतक्या सहजपणे दिला जातो की लोकांना आता त्यात अतिरेक आहे असे वाटेनासेही झाले आहे.

उपाय शेवटी त्या तरुणालाच सापडला होता, मी जाण्याच्या आदल्या रात्री; माझ्यासाठी त्याने तो एक दिवस थांबवून ठेवला होता. दोष फोल्डरच्या पोटात नव्हता, नावाच्या शेवटी होता. ‘ग्रा.पं.’ मधील अखेरचे टिंब!

हे टिंब समजण्यास थोडे मागे जावे लागते. 1981 साली बाजारात आलेल्या डॉस प्रणालीत फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि त्याचे उपनाम तीन अक्षरांचे असे. मधले टिंब लोक लिहीत, पण डिस्कवर ते साठविलेच जात नसे. अकरा घरे, रिकाम्या घरांत मोकळी जागा, बस्स. साहजिकच ज्या नावाला उपनाम नाही, त्याच्या शेवटी टिंब दिले काय आणि न दिले काय, दोन्ही एकच. पुढे 1993 साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही नवी दप्तरपद्धती आली. तिला शेवटच्या टिंबाचे वावडे नाही, ती ते इमानाने नोंदवून ठेवते. परंतु तिच्या आणि आपल्या मध्ये जो विंडोजचा पेशकार बसतो, तो जुन्या वहिवाटीला जागून प्रत्येक नावाचे शेवटचे टिंब पुसूनच कागद आत पाठवितो. आपण ‘ग्रा.पं.’ मागतो, तो आत ‘ग्रा.पं’ मागतो, तसे नाव तिथे नसते, आणि तो खऱ्या मनाने सांगतो की सापडत नाही. ‘कॉन’ नावाचे फोल्डर जगात कोणालाच करता येत नाही आणि याचे उत्तर खुद्द बिल गेट्सकडेही नाही, असा जो निरोप एके काळी संगणकवर्गांतून फिरत असे, त्याचे रहस्यही याच घराण्यातले : ‘कॉन’ हे डॉसने कन्सोलसाठी, म्हणजे कळफलक आणि पडदा यांसाठी राखून ठेवलेले नाव आहे, आणि ते राखीव कुरण पुढच्या विंडोजमध्येही तसेच चालत आले.

मग टिंब मुळात आत शिरले कसे? गेल्या वर्षी विंडोज बंद पडले, तेव्हा या तरुणाने दोन आठवडे पेनड्राइव्हवरच्या उबंटूवर केंद्र चालविले होते. उबंटूमध्ये असला पेशकार नाही. जे लिहाल ते लिहिले जाते. आणि मराठी कारकुनी हात लिहिणार काय? ग्रा.पं., ता., जि., मु.पो., कु., सौ. आमची अर्धी भाषा टिंबावर संपते. इंग्रजी नावे देणाऱ्याला जी अडचण जन्मात एकदा यावी, ती आम्हांस रोज येऊ शकते, हे लक्षात आले तेव्हा मला त्या यंत्राविषयी नाही, तरी त्या तरुणाविषयी अधिक ममत्व वाटू लागले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने काळी खिडकी उघडली. त्या खिडकीला देवनागरी दाखविता येत नाही. त्याने फोल्डरचा पत्ता आणून चिकटविला, तेव्हा नावाच्या जागी चार चौकटी, एक टिंब, दोन चौकटी आणि पुन्हा एक टिंब, एवढेच उमटले. संपूर्ण नावात वाचता येण्यासारखी अक्षरे म्हणजे ती दोन टिंबेच. पत्त्याच्या आधी त्याने दोन तिरप्या रेघा, एक प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक तिरपी रेघ लिहिली. या चार चिन्हांचा अर्थ असा की मजकुरात काडीचाही फेरफार न करता कागद थेट आत न्यावा. पेशकाराने लेखणी लावू नये.

येथे त्याला फोल्डर एकदम काढून टाकता आले असते. तशी आज्ञा आहे आणि ती तितकीच छोटी आहे. त्याने तसे केले नाही. त्याने फक्त नाव बदलले.

‘काहून?’ मी विचारले.

‘झिरो बाइट तो मनते न जी. आपन कुठं पाह्यलं?’

मला वाटते, या वाक्यासाठी मी पुन्हा एकदा पोंभुर्ण्याला जाईन. शेजारी बुरडाने नवा बांबू चिरावयास घेतला होता. वासाचा एक लोट आत आला. तरुणाने एंटर दाबले, पिवळ्या फोल्डरखालचे नाव ‘ग्रापं’ झाले, आणि त्यावर दोनदा टिचकी मारताच ते एखाद्या साध्या कपाटासारखे उघडले. आत सदतीस कागदांच्या प्रतिमा होत्या. शून्य बाइटमध्ये सदतीस कागद!

ते सर्व जातीच्या दाखल्यांच्या अर्जांचे पुरावे होते. अनुसूचित जमातीच्या अर्जदारास 1950 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांस 1961 च्या, इतर मागासवर्गीयांस 1967 च्या आधीचा. म्हणून आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, बंदोबस्त मिसल, कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल असे कागद माणसे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून घेऊन येतात. त्यांत एक कोतवाल पंजीचे पान होते. कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली, मधोमध घडीची चीर, आणि त्या चिरेवर नेमके मृताच्या बापाचे नाव. मी अशी शेकडो पाने हाताळली आहेत. काचेच्या आत उजळलेले पान मात्र प्रथमच पाहिले, आणि हात नकळत कड सावरावयास पुढे गेला.

त्याने एकेक प्रतिमा उघडून आपल्या वहीशी ताडून पाहिली. छत्तीस कागदांपुढे ‘परत दिले, दाखला मिळाला’ अशी नोंद होती. त्या पानापुढे नव्हती. त्याने दूरध्वनी लावला. पलीकडचे काकाजी म्हणाले की घरातल्या नकलेला उधई लागली. तहसिलीतून ती पुन्हा मिळाली असती, शुल्क आणि दोन खेपा भरून. त्याने पान छापून लिफाफ्यात घातले आणि मग छत्तिसांवर डिलीट दाबले. या वेळी खलिता आला नाही.

सरकारी दप्तरात कागद नष्ट करणे ही गंभीर क्रिया आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ एक वर्षाचा, आणि सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीत शेवटचा गठ्ठा नष्ट करावयाच्या ‘ड’ कागदांचा. कागद एकदा जळला की जळला. संगणक मात्र फाइल काढली म्हणतो तेव्हा नोंदवहीतील तिची ओळ रिकामी समजतो आणि जुन्या तबकडीवर मजकूर जागच्या जागी राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. आधारच्या प्रती, अंगठे, बँकेची पुस्तके असे किती गावकरी या दुकानांच्या तबकड्यांत अजून बसलेले असतील, हा विचार मला अस्वस्थ करीत होता. तरुणाला हे ठाऊक होते. केंद्र बंद करताना त्याने ‘सायफर’ नावाची आज्ञा सोडली. ती रिकाम्या जागेवर प्रथम सर्वत्र शून्ये लिहिते, मग त्याच्या उलट, मग अनियमित आकडे. काळ्या खिडकीत कामाची प्रगती दिसते ती एकामागून एक उमटणाऱ्या टिंबांनी.

शून्यांची फेरी संपली, दुसरी सुरू झाली, आणि साडेआठाच्या सुमारास वीज गेली. म्हाताऱ्या यूपीएसने चार मिनिटे किंचाळून मान टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो डिस्कवर जागाच उरलेली नव्हती. अर्ध्यावर तुटलेल्या सायफरने मागे एक अनोळखी इंग्रजी आद्याक्षरांचे फोल्डर ठेवले होते आणि मोकळी म्हणून जेवढी जागा होती, तेवढी त्याने व्यापली होती. नावाच्या शेवटी टिंब नव्हते. तरुणाने तरीही आधी ते उघडून पाहिले, मग डिलीट दाबले. यंत्राने एकदा परवानगी विचारली आणि ते गेले.