बाल्यावस्थेतील आतड्यांचे जीवाणू आणि पुढील आरोग्य

मानवी आतड्यांत असंख्य जीवाणू वास्तव्य करतात. त्यांतील बहुतेक रोगकारक नसून शरीराचे साहाय्यकच असतात. या वस्तीचा पाया जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत घातला जातो. तो कच्चा राहिल्यास पुढे आतड्यांचा जुनाट दाह जडण्याचा धोका वाढत असावा, असे संशोधनावरून दिसते.

विकाराचे स्वरूप

या विकाराचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात. दुसरा, १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वर्णिलेला क्रोनचा विकार, पचनमार्गात कोठेही उद्भवू शकतो. दोन्हींत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्यांस इजा करते. पूर्वी हा पाश्चात्त्यांचा रोग समजला जाई. परंतु पंजाबातील पाहणीत व्रणांच्या प्रकाराचे लाखामागे सुमारे ४४ रुग्ण आढळल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई कुटुंबांच्या तेथे जन्मलेल्या मुलांत याचे प्रमाण स्थानिक मुलांइतकेच असल्याचे २०१५ साली दिसून आले. वंश तोच, परंतु बालपणीचा परिसर बदलला, हे येथे लक्षणीय आहे.

जीवाणू कोठून येतात?

नैसर्गिक प्रसूतीत मातेकडून बालकास पहिले जीवाणू मिळतात. मातेच्या दुधातील काही शर्करा बालकास पचत नाहीत. त्या उपयुक्त जीवाणूंचे खाद्य होत. पुढे धान्य, डाळी व भाज्यांतील चोथ्यापासून जीवाणू जी आम्ले तयार करतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. याच काळात संरक्षणयंत्रणा मित्र व शत्रू ओळखण्यास शिकते.

भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. भोपाळकडील लोकांत वनस्पतिज आहाराशी निगडित जीवाणूंचे प्राबल्य आढळले. इंदूर-धार रस्त्यावरील बेटम्यासारख्या गावी गहू, मका, हरभरा व डाळी घरोघरी असतात. हा आहार टिकविणे हिताचे आहे.

प्रतिजैविकांचा प्रश्न

डेन्मार्कमधील सुमारे पावणेसहा लाख मुलांच्या नोंदींवरून, प्रतिजैविके घेतलेल्या मुलांत, विशेषतः क्रोनचा विकार अधिक आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. यावरून औषधच कारण ठरते असे नव्हे. रोगाच्या प्रारंभीच्या तक्रारींसाठीही ते दिलेले असू शकते. न्यूमोनिया किंवा नवजात बालकाच्या जंतुसंसर्गात प्रतिजैविक प्राण वाचविते. तेथे विलंब करू नये. मात्र साध्या पाणीदार जुलाबांवर बहुधा जलसंजीवनी व जस्ताच्या गोळ्या पुरेशा असतात.

पालकांनी काय करावे?

जन्मानंतर तासाभरात बालकास अंगावर पाजावे. पहिले चीकदूध टाकून देऊ नये. मध, गूळपाणी किंवा गुटी देऊ नये. सहा महिने केवळ स्तनपान द्यावे. नंतर घरचे मऊ अन्न सुरू करून दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या मातेनेही हेच करावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविक घेऊ नये. डॉक्टरांनी दिलेले मध्येच सोडू नये.

शौचातून रक्त पडत असल्यास बालकास त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. वारंवार जुलाब, वजनातील घट व खुंटलेली वाढ दिसल्यास केवळ आमांश समजून स्वस्थ बसू नये. आतड्यांचा क्षयही असाच दिसतो; म्हणून निदान तज्ज्ञांकडूनच करवून घ्यावे. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी अशी मुले वेळीच हेरून पालकांस सावध करावे.